एक अंगावर, एक दोरीवर, एक चुलीवर

लढाया, तह आणि सनावळ्या यांचा इतिहास आम्ही वर्गात शिकवितो. नोकरीला निघालेल्या माणसाने अंगात काय घातले आणि ते त्याने कुठून आणले, हे मात्र क्रमिक पुस्तकांत सापडत नाही. वास्तविक गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार या आपल्या मुलखात गेल्या शंभर वर्षांत जे मोठे स्थित्यंतर झाले ते शेता-कुळागरातून कचेरीकडे. आणि त्या वाटेवरचा पहिला नाका कपड्यांचा होता. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेता येतो, साहेबापुढे मात्र स्वतःच उभे राहावे लागते. पगार मिळतो महिन्याच्या अखेरीस, कपडे लागतात एक तारखेला. मधल्या या तीस दिवसांचा खर्च कुणी आणि कसा सोसला, हा मला इतिहासाचा खरा प्रश्न वाटतो.

गंमत अशी, की ‘पगार’ आणि ‘इस्त्री’ हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आले. एक चुकते करण्याचा, दुसरा ताणून सरळ करण्याचा. ‘फीत’ आणि ‘सपाता’ही तिकडूनच आल्या. कचेरीत जाणाऱ्या माणसाचे निम्मे सामान आपण त्यांच्या भाषेतून उचलले, आणि मुंबई-पुण्याचे लोकही ते शब्द आपलेच समजून वापरतात.

त्या राजवटीचे आणि कपड्यांचे नाते मात्र सुखाचे नव्हते. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात इथल्या ख्रिस्ती पुरुषांनी पुडवे नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, अशी कलमे होती. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ सालच्या इंग्रजी ग्रंथात त्याची हकिकत आली आहे. डिचोली-सत्तरीचा भाग पोर्तुगिजांकडे गेला तो १७८१-८२ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीतल्या हिंदूंना त्यांच्या चालीरीतींनी राहू देण्याचे धोरण आले होते. त्यामुळे पाळी, वेळगे, सुर्ल या आमच्या पट्ट्यात शेतात काष्टी, खांद्यावर कांबळे आणि सणाला धोतर हा वेश तसाच चालू राहिला. कपड्यांची सक्ती नव्हती. पण कचेरीत शिरण्याची संधीही नव्हती. ते दार किलकिले झाले ते १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले तेव्हा. हिंदूंना कायद्याने बरोबरीचे नागरिकत्व मिळाले, सरकारी नोकरीची वाट मोकळी झाली, आणि कोट-पाटलोणीचा प्रश्न प्रथमच आमच्या लोकांच्या ओसरीवर येऊन बसला.

त्या पिढीची गटछायाचित्रे ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती नीट पाहावीत. वर कोट आणि खाली धोतर, डोक्यावर काळी टोपी, असे गृहस्थ त्यांत हमखास दिसतात. याला कोणी वेशाचा गोंधळ म्हणेल. मला त्यात हिशेब दिसतो. कोट एकदा शिवला की वीस वर्षे पुरतो, त्याला रोज धुणे नाही आणि समोरून पाहणाऱ्याला तोच दिसतो. म्हणून पैसा घालायचा तो कोटात. खालचे धोतर घरात होतेच.

हा कोट यायचा कुठून? जुन्या माणसांकडून जे ऐकले त्यावरून याची तीन उगमस्थाने सांगता येतात. पहिले म्हणजे लग्न. सासरकडून जावयाला जो पोशाख मिळे तोच पुढे कचेरीचा होई, आणि घरात धाकटे भाऊ असतील तर तो त्यांच्याही अंगाला लागे. दुसरे, चवथ. गणपतीला घरात नवे कापड येई, तेव्हा मिळवत्याचा सदरा कोऱ्या कापडाचा आणि पोरांचे त्याच्या जुन्या सदऱ्यातून बेतलेले, अशी विभागणी असे. तिसरे मात्र अगदी आमच्या डिचोली-सत्तरीचे : काजू. काजूचा हंगाम एप्रिल-मेचा. बिया विकून हातात रोकड येते ती नेमकी जूनच्या तोंडावर, शाळा आणि नव्या नेमणुका सुरू होण्याआधी. डोंगरावर उन्हात बिया वेचल्या बायकापोरांनी, आणि त्यातून पाटलोण झाली थोरल्याची. पगारपत्रकावर एकाचेच नाव असते, त्यामुळे पुढच्या पिढीला वाटते की त्याने स्वतःच्या कमाईने कपडे केले.

घाटावर ब्रिटिश मुलखात ही वाट आधी उघडली होती. तिथली एक गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. डेक्कन कॉलेजात असताना गोपाळ गणेश आगरकरांजवळ एकच सदरा होता. तो ते रात्री धुऊन वाळत घालीत आणि सकाळी तोच अंगात घालीत, असे सांगतात. आम्ही ही गोष्ट ध्येयवाद शिकविण्यासाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण कोकण-गोव्यातल्या शिक्षकाने ती सांगताना एक तळटीप जोडायला हवी. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गोव्यात सुमारे तीन हजार. आषाढात रात्री धुतलेला सदरा पाळीत सकाळी वाळतच नाही. एका सदऱ्यावर आगरकर होणे आमच्याकडे हवामानानेच अशक्य केले आहे! इथे गरिबातल्या गरीब नोकरदाराला निदान तीन लागतात : एक अंगावर, एक दोरीवर आणि एक चुलीवरच्या दांडीवर. आणि चुलीवर वाळलेल्या कपड्याला धुराचा वास येतो, तो कचेरीत शेजारी बसणाऱ्याला कळतो. हा वास लपविण्यासाठी कपड्यांच्या पेटीत सुरंगीचे नाहीतर बकुळीचे वळेसर ठेवीत.

इस्त्रीचीही अशीच कथा. मडवळाकडे टाकायचे ते कोट आणि सणाचे धोतर. रोजच्या सदऱ्याला करवंट्यांच्या निखाऱ्यांची इस्त्री, तीही नसेल तर पितळेच्या तांब्यात निखारे घालून त्याचे बूड फिरवायचे, आणि काहीच नसेल तर घडी घालून रात्री अंथरुणाखाली. सदऱ्याची कॉलर विरली की ती उसवून उलटी करून पुन्हा लावण्यात गावचे दर्जी वाकबगार. त्यामुळे सदऱ्याला दुसरा जन्म मिळे. पाटलोणीच्या पायाशी आतून चार बोटे कापड दुमडून ठेवण्याची पद्धतही त्याच शहाणपणातली. पुढे धाकटा उंच निघाला तर?

कापड स्वस्त होण्याला आपल्या मुलखाजवळची दोन कारणे झाली. १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी संस्थानाधिपती नारायणराव घोरपडे यांच्या पाठिंब्याने पहिला यंत्रमाग घातला, आणि हळूहळू ते गाव साध्या सुती कापडाचे आगर झाले. दुसरे कारण म्हणजे कंट्रोल. महायुद्धात १९४३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात कापडावर नियंत्रण आले. पुढे १९६४ पासून भारत सरकारने गिरण्यांवर धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल हे जाडेभरडे प्रकार बांधलेल्या भावात काढण्याचे बंधन घातले. भाव कापडावरच छापलेला असे. तोवर गोवा मुक्त झालेला होता, आणि त्या कंट्रोलच्या कापडाचे गिऱ्हाईक इथे नुकतेच जन्माला येत होते.

१९ डिसेंबर १९६१ नंतर जे घडले ते वेगाने घडले. डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकरांचे सरकार आले आणि खेडोपाडी प्राथमिक मराठी शाळा निघाल्या. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, कोल्हापूर-बेळगावकडून मास्तर आले, एका पत्र्याच्या पेटीनिशी. लेंगा, सदरा, टोपी. इथे मात्र पाव शतकापूर्वीच्या कारकुनांनी पँट रूढ केलेली. वर्षा-दोन वर्षांत बहुतेकांचे लेंगे घरात घालण्यापुरते उरले. याची कोणी आज्ञा काढली नव्हती. पालक पँटवाल्या मास्तरांना अधिक वाकून नमस्कार करतात, एवढे पुरेसे झाले.

दुसरी नोकरी खाणीवरची. लोहखनिजाची निर्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली होती, आणि मुक्तीनंतर तर डिचोली तालुक्याचे अर्थकारणच तिच्यावर उभे राहिले. पाळी-वेळग्याच्या खाणींवर टाइमकीपर, वजनकाट्याचा कारकून, सुपरवायझर अशा जागा निघाल्या. आता गणित आणखी बिघडले. पावसाळ्याचे चार महिने ओल, आणि उरलेले आठ महिने लाल धूळ. काट्यावरच्या कारकुनाचा पांढरा शर्ट दुपारपर्यंत विटकरी होई. खाकी घातली असती तर भागले असते. ‘खाक’ म्हणजे धूळच. पण खाकी ही मजुरांच्या मुकादमाची, पांढरा हा ऑफिसचा, अशी प्रतवारी लोकांच्या डोक्यात बसली होती, आणि ती पांढरी ठेवण्याचे काम बायकांच्या हातात होते. शर्ट आधी कोरडाच झटकायचा, मग भिजवायचा. आधी पाणी लागले की धूळ सुतात बसते. तरी राहिलेल्या डागावर बिंबलाचा रस चोळायचा. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल असते आणि ते लोखंडाचा डाग काढते, हे मी रसायनशास्त्राच्या शिक्षकांकडून पुष्कळ उशिरा ऐकले. त्या बायकांना ते न शिकता ठाऊक होते. शेवटी नीळ. १९६९ साली निघालेली निरमा पावडर खेड्यांतून पोचल्यावर या कष्टाला थोडा उतार पडला.

याच काळात टेरिलीन आणि टेरिकॉट आले. इंग्लंडात १९४१ मध्ये लागलेला हा शोध. आपल्याकडे तो धागा साठच्या दशकात बनू लागला. लोक म्हणतात, झगमगाटाला भुलून आपण सुती सोडले. मला हे पटत नाही. कोकणपट्टीच्या दमट उन्हाळ्यात टेरिकॉट म्हणजे अंगावर ओढून घेतलेली शिक्षा. तरीही कारकून-मास्तरांनी पदरमोड करून तो घेतला, कारण तो श्रावणातसुद्धा रात्रीत वाळतो आणि इस्त्री मागत नाही. तिनाच्या जागी दोनात भागू लागले. मीटरचा भाव जास्त पडला, पण संख्या घटली आणि कोळसा वाचला. एवढा सरळ हिशेब ज्यांना दिसत नाही त्यांनी बहुधा स्वतःचे कपडे कधी धुतलेले नसावेत.

स्त्रिया नोकरीत आल्यावर मात्र हिशेबात एक नवे कलम शिरले. नऊवारी वाळविणे आणि बसमध्ये सांभाळणे दोन्ही कठीण, म्हणून पाचवारी आली. शिवाय तिला कापड कमी. मास्तर दोन पँटींवर वर्ष काढतात, कोणाच्या लक्षात येत नाही. बाईंची साडी तिसऱ्यांदा आली की चौथीतल्या मुली ती मोजतात. या अन्यायावर शिक्षिकांनी काढलेला तोडगा मी वर्षानुवर्षे शिक्षक-खोलीत पाहत आलो आहे. एक काळा आणि एक पांढरा ब्लाउज, जो कशावरही चालतो; फॉल नवा लावून फिरविलेली साडी; आणि बहिणी-जावांत, कधी दोन सहकारी बाईंत, साड्यांची अदलाबदल. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या, जीन्स आणि टी-शर्ट नको म्हणून सांगितले. पोशाख कसा असावा हे ठरविणाऱ्यांनी तो कितीत बसतो याचा आकडाही सोबत दिला, तर नव्याने लागलेल्या, तुटपुंज्या मानधनावरच्या शिक्षकाचे काम सोपे होईल.

२०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या, मध्यंतरी काही सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. पाळीसारख्या गावात ट्रक उभे राहिले, हप्ते थकले, आणि ज्या घरांनी दोन पिढ्या खाणीचा पगार पाहिला होता तिथली मुले-मुली पणजीच्या ऑफिसांच्या आणि बँकांच्या मुलाखतींना निघाली. दाखल्यासाठी शाळेत येतात तेव्हा हळूच विचारतात, ‘सर, काय घालून जाऊ?’ मी त्यांना सांगतो ते काही नवे नाही. दोन गडद पँट, तीन फिक्या रंगाचे शर्ट. अदलून-बदलून सहा जोड्या होतात आणि आठवडा निघतो. मुलींना दोन साध्या सलवारी, चार कुडते. पैसा घालायचा तो चपला-बुटांत आणि शिलाईत, कारण खांद्यावर न बसणारा महागडा शर्ट उसना दिसतो. रेडीमेड घेतलात तर साखळीच्या बाजारात दर्जी अजून आहेत, बाही आणि कंबर बेतून घ्या. आणि पाचही कपडे एकदम घेऊ नका. दोन आधी, उरलेले पहिल्या पगारानंतर.

परवा अशीच एक माजी विद्यार्थिनी नेमणुकीचे पत्र दाखवायला आली होती. कुडता धाकट्या बहिणीने तिच्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीतून घेऊन दिलेला. नेमणूक जुलैतली. घरात आता गॅस आहे, चुलीवरची दांडी गेली. आई म्हणाली, रात्रभर पंख्याखाली ठेवते, पण वीज गेली की पंचाईत होते, म्हणून काजूच्या पैशांतून तिसरा कुडता घेऊन ठेवला आहे.