दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचे गाणे

६ मार्च १९५७ रोजी पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत ‘घाना’ या नावाने स्वतंत्र झाली. त्याच सुमारास या राष्ट्रजन्माचे एक गाणे लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले. ते गाणारा मात्र आफ्रिकेचा नव्हता. तो होता कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटाचा ऑल्डविन रॉबर्ट्स. ‘लॉर्ड किचनर’ हे त्याचे रंगमंचावरचे नाव. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून तो इंग्लंडला आला होता.

त्रिनिदादच्या या गीतप्रकारास कॅलिप्सो म्हणतात. पोवाडा ऐकलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही. ताजी घटना घ्यावी, यमकांत बांधावी आणि लोकांपुढे नावनिशीवार गावी, ही दोहोंची रीत. कॅलिप्सोच्या पाठीशी मात्र गुलामगिरीचा इतिहास आहे. आफ्रिकेतून जहाजांत कोंडून आणलेल्या माणसांच्या भाषा हरपल्या, नावे पुसली गेली; ताल तेवढा उरला. १८८० नंतरच्या दशकात सरकारने ढोलावर निर्बंध घातले, तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ठेका धरला. पुढे त्यांनी तेलाच्या पिंपांतूनही स्वर काढले.

या तालाबरोबर विचारही चालत होता. घानाच्या ध्वजावरील काळा तारा जमैकाच्या मार्कस गार्वी यांच्या ‘ब्लॅक स्टार’ जहाज कंपनीची आठवण देतो. १९४५ साली मँचेस्टरला भरलेल्या अखिल आफ्रिकी परिषदेच्या संयोजनात एन्क्रुमा यांच्याबरोबर त्रिनिदादचे जॉर्ज पॅडमोर होते. घाना स्वतंत्र झाल्यावर तेच एन्क्रुमांचे सल्लागार झाले.

विशेष हे, की घानाचा जयघोष झाला तेव्हा त्रिनिदाद स्वतः पारतंत्र्यात होते. ते स्वतंत्र झाले ३१ ऑगस्ट १९६२ रोजी. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, तेव्हा भारतावरही इंग्रजांचेच राज्य होते. स्वतःच्या पायांत बेडी असताना दुसऱ्याच्या विजयाचा आनंद मानणे, हे हेवा जिंकल्याशिवाय जमत नाही. असे गाणे परक्याचे कौतुक करते, आणि आपल्या लोकांना ‘हे घडू शकते’ असा पुरावाही देते.

पुढे १९८० च्या एप्रिलमध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात जमैकाचा बॉब मार्ली प्रत्यक्ष जाऊन गायला. त्या देशाच्या नावाचे गाणे त्याने १९७९ सालीच, स्वातंत्र्य उजाडण्यापूर्वी, प्रसिद्ध केले होते. ज्या किनाऱ्यांवरून माणसे साखळदंडांत नेली गेली, त्या खंडाकडे त्यांच्या वंशजांनी परत पाठविलेली ही भेट होती.