गिरणीचा हजेरीपट आणि प्लेग

१८९७ च्या आरंभी मुंबईच्या गिरणगावात एक विलक्षण दृश्य दिसू लागले. गिरण्यांची माणसे नाक्यानाक्यांवर उभी राहून कामगारांसाठी एकमेकांवर चढी बोली लावत होती. एरवी मजूर दारात ताटकळत आणि जॉबरची मनधरणी करत. आता ताटकळण्याची पाळी गिरणीवर आली होती.

कारण होते प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी त्याचे निदान केले. काही महिन्यांतच सव्वाआठ लाख वस्तीच्या या शहरातील जवळपास निम्मी माणसे बाहेर पडली. गिरणी कामगारांनी कोकणची आणि घाटावरची वाट धरली. यंत्रे जागच्या जागी होती. ती चालवायला हात नव्हते.

या प्रसंगाचे मर्म बारा वर्षे मागे सापडते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या अशा: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जबर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची तरतूद. यात पगारवाढीची मागणी एकही नाही! श्रमणाऱ्या देहाला उसंत आणि आधार मिळावा, एवढेच मागणे होते.

मालकांच्या हिशेबात मात्र त्या देहाला स्वतंत्र किंमत नव्हती. सूत तुटू नये म्हणून खात्यात दमट हवा कोंडलेली असे, तिच्यात कापसाची धूळ तरंगे. एखादा खोकून खोकून घरी बसला, तर त्याच्या जागी बदली कामगार दारात हजर. आजाराचा खर्च आजारी माणसाच्या घरावर पडे, म्हणून गिरणीच्या वह्यांत तो कधी दिसलाच नाही. रविवारची सुटी मिळायला १८९० साल उजाडले. दुखापतीच्या भरपाईचा कायदा तर १९२३ चा.

प्लेगने ही वही उलटी करून दाखवली. पगार अडकवून ठेवून माणूस बांधून ठेवण्याची रीत गळून पडली. पंधरा तारीखही ज्यांना जड वाटत होती, ते रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले. लोखंडे यांना हा पालट फार काळ पाहता आला नाही. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे प्लेगनेच निधन झाले.

त्याआधी महिनाभर, १० जानेवारीला, वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली होती. इकडे परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना क्वारंटाइनमध्ये अडकवू लागली आणि चाळींतील कोंदट खोल्या हा अखेर व्यापाराचाही प्रश्न ठरला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने घरे बांधली त्याहून अधिक वेगाने पाडली, हा भाग वेगळा.

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. १८८२ मध्ये तेथे गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने दगावल्या आणि गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार हिलवर हलले. सभोवतालच्या चाळींतील कामगार मात्र तेथेच राहत होते.