फॉर्माल्डिहाइड सोडणारी परिरक्षके (सौंदर्यप्रसाधनांतील)

शाम्पू, क्रीम, लोशन, हँडवॉश अशा पाण्याचा अंश असलेल्या प्रसाधनांत जिवाणू व बुरशी वाढू नये म्हणून घातली जाणारी रसायने. बाटलीत ती हळूहळू विघटित होऊन किंचित फॉर्माल्डिहाइड सोडत राहतात आणि त्यामुळे माल टिकतो. डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायाझोलिडिनिल युरिया व क्वाटर्नियम-१५ ही यांतली नेहमी आढळणारी नावे. खोबरेल तेलात किंवा टाल्कम पावडरीत पाणीच नसते, त्यामुळे तिथे यांचे काम पडत नाही.

सुरक्षितता : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवी कर्ककारक ठरवले. हा पुरावा मुख्यतः कामाच्या जागी तो वायू वर्षानुवर्षे श्वासावाटे घेणाऱ्यांचा आहे. शाम्पूने कर्करोग होतो, असे त्यावरून म्हणता येत नाही. ग्राहकाला होणारा नेहमीचा त्रास त्वचेचा : खाज, पुरळ, इसब. एकदा वावडे जडले की अगदी अल्प मात्राही पुरते. धुऊन टाकायच्या शाम्पूपेक्षा अंगावर राहणारे क्रीम अधिक बाधते. तापमान, सामू व साठवणीचा काळ यांनुसार सुटणारे प्रमाण बदलते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात महिनोन्महिने पडून राहिलेल्या मालाबाबत हे ध्यानात घ्यावे. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांची गोष्ट वेगळी. त्यांत फॉर्माल्डिहाइड मुळातच बरेच असते, तापवलेल्या इस्त्रीने त्याचा वायू होतो आणि पार्लरमधली कामगार तो रोज हुंगते.

नियमन : युरोपीय संघाने २०१९ मध्ये क्वाटर्नियम-१५ वर बंदी घातली. २०२२ च्या दुरुस्तीनुसार तयार मालात सुटलेले फॉर्माल्डिहाइड ०.००१ टक्क्याहून अधिक असल्यास तसा इशारा छापावा लागतो. पूर्वी ही मर्यादा ०.०५ टक्के होती. भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४०, सौंदर्यप्रसाधने नियम २०२० आणि परिरक्षकांसाठी भारतीय मानक ४७०७ लागू आहेत. उत्पादनाचा परवाना राज्य देते, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी किराणा दुकानात पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. एका पुडीत जेमतेम पाच-सहा मिलिलिटर शाम्पू. नियमांप्रमाणे ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव किंवा ३० ग्रॅमपेक्षा कमी घट्ट मालाच्या वेष्टनावर घटकांची यादी छापणे सक्तीचे नाही. म्हणजे वावडे असलेल्या माणसाला जे वाचायला हवे, ते नेमके गरिबाच्या पुडीवरून गाळण्याची मुभा आहे. कायद्यातील ही सवलत जागेअभावी दिली असेल, पण तिचा भार चुकीच्या खांद्यावर पडतो. अधिनियमाच्या कलम २६ नुसार कोणीही ग्राहक विकत घेतलेले प्रसाधन शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. ही तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते.

प्रकरणे : २०१९ मध्ये राजस्थानच्या औषध नियंत्रकांनी जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी शाम्पूच्या दोन बॅचमध्ये फॉर्माल्डिहाइड आढळल्याचे सांगितले. कंपनीने ते नाकारले. एप्रिलमध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना विक्री थांबवण्यास कळवले. महाराष्ट्रातला गाजलेला वाद मात्र याच कंपनीच्या बेबी पावडरीचा, आणि तोही सामूचा. पुणे व नाशिक येथील नमुन्यांवरून प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये मुलुंड कारखान्याचा परवाना रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला. कारवाईला लागलेला विलंब न्यायालयाला खटकला होता.