बीपी नॉर्मल, मग लघवी का थांबली?

आयसीयूच्या बाहेर कधी बसला असाल, तर हे वाक्य कानावर पडलं असेल: "बीपी आता ठीक आहे, पण लघवी कमी होतेय." आपण पहिलं ऐकून सुटकेचा श्वास सोडतो. डॉक्टरांच्या कपाळावरची आठी मात्र दुसऱ्यासाठी असते. असं का? चला, थोडं मागे जाऊ.

१६२८ साली विल्यम हार्वेनं सांगितलं की रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडे येतं. पण धमनीतून ते शिरेत नेमकं कुठून जातं, हे त्याला शेवटपर्यंत दिसलं नाही. १६५७ मध्ये तो गेला. चारच वर्षांनी इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगीनं बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि हरवलेला दुवा सापडला: केसाहून बारीक केशवाहिन्या. पुढे त्यानंच किडनीतले इवलेसे गोळेही पाहिले. हे गोळे म्हणजे केशवाहिन्यांचेच गुच्छ, एका किडनीत साधारण दहा लाख. रक्त गाळलं जातं ते तिथंच.

आता थेट लंडन, १९४१. जर्मन विमानं बॉम्ब टाकतायत, माणसं ढिगाऱ्याखाली तासन् तास अडकतायत. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या दोघांनी अशा चार जणांची हकिकत छापली. बाहेर काढलं तेव्हा माणूस बरा दिसायचा, फक्त चेंगरलेला हात किंवा पाय सुजलेला. काही तासांत अंग पांढरं, गार, घामेजलेलं व्हायचं आणि मग बीपी कोसळायचं. प्लाझ्मा, रक्त दिलं की बीपी पुन्हा वर. सगळ्यांना वाटायचं, वाचला! पण लघवी कमी कमी होत जायची, तिचा रंग काळपट व्हायचा, आणि बऱ्याचदा आठवड्याच्या आत खेळ संपायचा.

चेंगरलेल्या स्नायूंतला रंगद्रव्याचा कचरा किडनीत अडकत होता आणि तिथल्या बारीक वाहिन्याही आवळल्या जात होत्या. बीपीच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नव्हतं. आणि एक गोष्ट लक्षात आली का? बीपी पडायच्या आधीच कातडी गार पडली होती. बारीक वाहिन्यांनी इशारा आधीच दिला होता.

तो इशारा आजही वाचला जातो. २०१९ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांमधला एक अभ्यास आला. सेप्टिक शॉकचे ४२४ रुग्ण. एका गटात उपचार रक्तातल्या लॅक्टेटवर बेतले, दुसऱ्या गटात बोटावर. बोटाच्या पेरावर काच दहा सेकंद दाबायची, सोडायची आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर गडबड. २८ दिवसांत लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के दगावले, बोटाच्या गटात ३४.९ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक थोडक्यात कमी पडला, म्हणून छातीठोक दावा करता येत नाही. पण लाखोंच्या यंत्रांच्या गर्दीत एक काचपट्टी आणि घड्याळ निदान मागे तरी पडलं नाही.

म्हणून आयसीयूतली नर्स दर तासाला लघवीची पिशवी बघते. साठ किलोच्या माणसाला तासाला तीस मिलीच्या आसपास तरी लघवी व्हायला हवी. उद्या आपलं कुणी आत असेल, तर "बीपी किती?" एवढंच विचारून थांबू नका. "लघवी किती होतेय? हातपाय गरम आहेत का?" हेही विचारा.