तगराची वाट : तेरणेच्या खोऱ्यांतील पायीं व सायकलवरील पाहणी

प्राचीन तगर म्हणजे आजचें तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें व तें आतां सर्वमान्य आहे. तथापि या निर्णयावरील एक आक्षेप अजून मधून मधून ऐकूं येतो. पेरिप्लसकार तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगतो. तेर तर पैठणच्या आग्नेयीस आहे. हा आक्षेप कितपत टिकतो, व ज्या खोऱ्यांत हें नगर वसलें त्याची आजची स्थिति काय आहे, या दोन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

लातूर तालुक्यांतील मुरुड हें गांव मांजरा व तेरणा या दोन नद्यांच्या मधल्या पठारावर आहे. तेथून नैर्ऋत्येस तेर एका दिवसाच्या चालीवर आहे. आम्हीं मुरुडास मुक्काम ठेवून तेरणेचें खोरें कांहीं पायीं व कांहीं सायकलवर पाहिलें. मोटारीनें जातां नदी केवळ पुलावरून दिसते. पांढरीचें टेंकाड, ओढ्यानें कापलेली दरड, शेताच्या बांधावर वेंचून टाकलेलीं खापरें यांची ओळख पायीं चालणारासच होते. सायकलचा उपयोग वेगळा. एका दिवसांत किती वाट क्रमितां येते व जमीन कोठें अडविते, याचें माप तिनें मिळतें.

प्रथम आक्षेपाचा विचार करूं. पेरिप्लस हा ग्रंथ इ. स. च्या पहिल्या शतकांतला असून त्याचा कर्ता ग्रीक भाषा लिहिणारा, मिसर देशांतून व्यापार करणारा कोणी अज्ञात पुरुष होता. तो म्हणतो कीं, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण व त्याच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर. पैठणाहून अकीकासारखे दगड व तगराहून साधें कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखांतून भडोचला जाते. आतां नकाशा पाहावा. भडोचहून पैठण सरळ रेषेनें सुमारें ३५० किलोमीटर आहे. पण तें दक्षिणेस नसून आग्नेयीस आहे. पैठणहून तेर सुमारें १५० किलोमीटर, तेंही आग्नेयीस. म्हणजे एकाच ग्रंथकारानें आग्नेयीला एकदां दक्षिण व एकदां पूर्व म्हटलें आहे. ज्याच्या दिशा अशा ढोबळ आहेत, त्याच्या दिशेवर निर्णयाचा भार टाकणें युक्त नव्हे. दिवसांची गणना मात्र व्यापाऱ्याच्या अनुभवाची असते. पहिल्या टप्प्यांत सरळ रेषेनें दररोज सुमारें साडेसतरा व दुसऱ्यांत सुमारें पंधरा किलोमीटर पडतात. वाटेचीं वळणें धरलीं तर लादलेल्या बैलगाडीची ही स्वाभाविक मजल होय.

याच कसोटीवर इतर मतें लावून पाहावीं. विल्फर्ड यांनीं सुचविलेली देवगिरी पैठणच्या उत्तरेस जवळच आहे. भगवानलाल इंद्रजी यांचें जुन्नर पश्चिमेस पडतें. डॉ. रामकृष्णपंत भांडारकर यांनीं सुचविलेलें धारूर दिशेनें बाधक नाहीं. परंतु तें पैठणहून सरळ रेषेनें अवघें १०५ किलोमीटरांच्या आसपास असल्यानें दहा दिवसांची वाट तेथें फार तोकडी पडते. शिलाहार राजे आपणांस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. त्या नांवाचा अवशेष तेर या शब्दांत उरला आहे. अंतर, नांव व अवशेष हीं तीन प्रमाणें केवळ तेरच्याच ठायीं एकत्र येतात.

एक गोष्ट आम्हांस चालतांना उमगली. पाऊस पडून गेल्यावर काळ्या जमिनींतून सायकल नेऊं लागलों तेव्हां पांचपन्नास पावलांत चाक चिखलानें जाम झालें व ती खांद्यावर घ्यावी लागली. लादलेल्या गाडीची तेथें काय कथा? तेव्हां हा व्यापार पावसाळा सरल्यावरच चालत असला पाहिजे. मिसरांतून भडोचकडे निघण्यास पेरिप्लसकार जुलैचा सुमार सांगतो. तीं जहाजें नैर्ऋत्य वाऱ्यानें येत व परतीसाठीं ईशान्य वाऱ्याची वाट पाहात. दसऱ्यानंतर तगराहून निघालेली गाडी महिन्याभरानें भडोचला पोंचली, तर परतणारें जहाज तिला मिळूं शकतें. हें अनुमान आहे. पण जमीन व वारा दोन्ही त्यास अनुकूल आहेत.

तेरमधील विटांचें त्रिविक्रम मंदिर प्रसिद्धच आहे. त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार व छत गजपृष्ठाकार असल्यानें मूळचें तें बौद्ध चैत्य असावें, असें कझिन्स यांचें मत होतें. संत गोरोबा काकांचें हें गांव असल्यानें यात्रेकरूंची वर्दळही असते. १९५८ सालीं येथें उत्खनन झालें. परंतु त्याहूनही मोठें काम गांवचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनीं केलें. शेतांत व पांढरींत सांपडणाऱ्या हजारों वस्तु त्यांनीं जमविल्या, व त्यांच्या नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेथें उभें आहे. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाँपेई येथें १९३८ सालीं मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीची आठवण करून देते. पाँपेई इ. स. ७९ मध्यें गाडलें गेलें. त्यामुळें दोन्ही ठिकाणांच्या काळाचा दुवा जुळतो.

आतां खोऱ्याच्या स्थितीविषयीं. मंदिरास व संग्रहालयास संरक्षण आहे. पांढरीस तें क्वचितच मिळतें. जुन्या वस्तीची राख, शेण, मातीच्या भिंती कुजून झालेली ही माती या मुलखांत माळवदावर घालण्यास व शेतास खत म्हणून पिढ्यान् पिढ्या नेली गेली आहे. शेतकऱ्यास दोष देणें अन्यायाचें होईल. घर न गळावें म्हणून त्यानें जवळची माती घेतली. पण आम्ही एका गांवाजवळ पहिल्या फेरींत जी दरड पाहिली, तिच्यांत राखेचा थर व काळ्या-तांबड्या खापरांचे तुकडे स्पष्ट होते. दुसऱ्या फेरीस गेलों तों दरडच नव्हती. चित्र काढून ठेवलें नसल्याची रुखरुख आम्हांस आजही आहे.

या मातीची दुसरी बाजूही विसरूं नये. दगडमातीच्या जाड भिंती व वर्षानुवर्षें थर चढलेलीं माळवदें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत माणसांच्या अंगावर कोसळलीं व हजारों जीव गेले. त्यानंतर तेरणाकांठचीं अनेक गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जुनीं गांवठाणें ओस पडलीं. तेथें शोध करणारानें प्रथम नम्र व्हावें. ती लोकांच्या दुःखाची भूमि आहे. तरी पण त्या ढिगाऱ्याखालीं मागील शतकांचे थर आहेत, व त्यांची मोजणी न होतां ते नाहींसे झाले तर तें दुसरें नुकसान ठरेल.

आमची सूचना अल्प आहे. तेर ते निलंगा तेरणेच्या दोन्ही कांठांची पायीं पाहणी व्हावी. प्रत्येक पांढरीची जागा, उंची, खापरांचा रंग व उघड्या थराचें चित्र यांची नोंद व्हावी. आणि सांपडलेली वस्तु मूळ जागेच्या नोंदीशिवाय कोणीं उचलूं नये. यास खर्च थोडा व धीर फार लागतो. लामतुरे यांनीं एका गांवापुरतें जें केलें, तें खोऱ्यांतील दहा गांवांतील शिक्षक व तरुण मंडळींनीं मनावर घेतलें, तर तगराचा इतिहास एका नगराचा न राहतां साऱ्या खोऱ्याचा होईल.