गोल न करणाऱ्या आघाडीपटूचा न्याय

संघ हरू लागला की दोषाचा धनी शोधला जातो आणि फुटबॉलमध्ये तो बहुधा आघाडीपटूच ठरतो. त्याचे काम गोल करण्याचे. गोल झाले नाहीत, तर अपराध सिद्ध झाला असे मानणे सोपे असते. वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावासारख्या गावी कबड्डीच्या मैदानावरही हाच न्याय चालतो. चढाई करणारा गडी रिकाम्या हाताने परतला की त्याच्या नावाने बोटे मोडली जातात. पकडी कोणाच्या हातून सुटल्या, याचा हिशोब मागे पडतो. हा न्याय कितपत खरा आहे, हे तपासण्यासाठी आम्ही मुंबई सिटी या संघाचे पहिले तीन हंगाम निवडले आहेत.

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिची जाहिरात मुख्यतः नामवंत परदेशी चेहऱ्यांभोवती उभी होती. मुंबईकडे आलेला निकोलस अनेल्का हा त्यांपैकीच एक. रेआल माद्रिद आणि चेल्सीकडून खेळलेल्या या फ्रेंच आघाडीपटूने २००८-०९ च्या प्रीमियर लीगमध्ये १९ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला होता. मुंबईत आला तेव्हा तो ३५ वर्षांचा होता आणि इंग्लंडमध्ये लादलेल्या बंदीमुळे सुरुवातीच्या सामन्यांना मुकला. हंगामाअखेर त्याच्या नावावर जेमतेम २ गोल होते आणि आठ संघांत मुंबई सातवी होती. निकाल उघडच दिसत होता : तारा निष्प्रभ, म्हणून संघ तळाशी.

परंतु गुणतक्ता निराळे सांगतो. त्या हंगामात मुंबईने १४ सामन्यांत १२ गोल केले. त्यांतले ५ पुण्याविरुद्धच्या एकाच सामन्यात झाले, तेही अनेल्का मैदानात नसताना. उरलेल्या तेरा सामन्यांत केवळ ७. आक्रमण दुबळे होते, यात शंका नाही. मात्र त्याच वर्षी साखळीत फक्त ९ गोल करणारा केरळचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. केरळने ११ गोल स्वीकारले होते, मुंबईने २१. दोन्ही संघांमधले खरे अंतर मुंबईच्याच गोलपोस्टपाशी पडले होते.

एका हंगामावरून सिद्धांत मांडू नये, हे खरे. सुदैवाने २०१५ ने जणू आमच्यासाठीच प्रयोग करून ठेवला. त्या वर्षी मुंबईकडे सुनील छेत्री होता. त्याने ७ गोल केले आणि या लीगमध्ये हॅटट्रिक साधणारा तो पहिला भारतीय ठरला. अनेल्का आता खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत होता. आघाडीपटूचे अपयश हेच दुखणे असते, तर ते आता बरे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात गुण आदल्या वर्षीइतकेच, १६, आणि स्थान सहावे. संघाचे गोल १२ वरून १६ झाले. स्वीकारलेले गोल मात्र २१ वरून २६ वर गेले. पुढे मिळवलेले मागे गळून गेले.

२०१६ मध्ये अलेक्झांद्रे गिमारायश प्रशिक्षक झाले. उरुग्वेचा दिएगो फोर्लान संघात आला आणि त्याने ५ गोल केले. संघाचे एकूण गोल पुन्हा १६च, आदल्या वर्षीइतके. तरीही मुंबईने २३ गुणांसह साखळीत पहिले स्थान पटकावले, कारण स्वीकारलेले गोल २६ वरून ८ वर आले होते. या यशाचे श्रेय फोर्लानच्या नावावर मांडणे, हे आधीच्या अपयशाचे खापर अनेल्कावर फोडण्याइतकेच अपुरे ठरेल. गोलरक्षक अमरिंदर सिंग आणि त्याच्यापुढची बचावफळी यांची नोंद आधी घ्यावी लागते.

याचा अर्थ अनेल्का निर्दोष होता असा नव्हे. वय, बंदी आणि २ गोल ही वस्तुस्थिती आहे आणि त्याच्या कीर्तीला ती शोभणारी नव्हती. आमचे म्हणणे एवढेच, की एका माणसाचे अपयश आणि संघाचे अपयश या दोन स्वतंत्र घटना आहेत. त्या एकाच वेळी घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही. राजे आणि सेनापती यांच्याभोवतीच फिरणाऱ्या इतिहासलेखनात हीच गफलत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. लढाईत पडलेल्या सेनापतीचे नाव बखरीत उरते. तटबंदीतले भगदाड कोणी बुजवले नाही, हे लिहायचे राहून जाते.