मार्गदर्शक यंत्राचे ‘कुलूप’ उघडताना

मोटारीच्या काचेवर बसविण्याच्या अनेक जीपीएस मार्गदर्शक यंत्रांचा, उदाहरणार्थ मिओच्या यंत्रांचा, पाया मायक्रोसॉफ्टची विंडोज सीई ही प्रणाली होती. ६४ मेगाबाइट रॅम, ४८० बाय २७२ बिंदूंचा पडदा आणि मेमरी कार्डाची खाच असलेले असे यंत्र वस्तुतः एक छोटा संगणकच असतो. मात्र सुरू होताच थेट नकाशा उघडावा आणि इतर सोयी झाकलेल्या राहाव्यात, अशी व्यवस्था उत्पादक करून ठेवतात. हा आडपडदा दूर करून फाइली पाहणे, संगीत ऐकणे किंवा दुसरी नकाशा-आज्ञावली चालविणे यालाच ‘अनलॉक’ करणे म्हणतात. विंडोज सीई परंपरेतील अखेरच्या आवृत्तीचे साहाय्य १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले. त्यामुळे जुने पण धडधाकट यंत्र उपयोगात ठेवू इच्छिणाऱ्यास हा मार्ग मोहवितो. तो अविचाराने चोखाळल्यास यंत्र कायमचे निकामी होऊ शकते.

तीन थर, तीन जोखमी

यंत्राच्या स्थायी स्मृतीत साधारणतः तीन थर असतात. सर्वांत तळाशी यंत्र जागे करणारा बूटलोडर, त्यावर मूळ प्रणाली आणि सर्वांत वर नकाशे व इतर फाइली. वरच्या थरातील चूक फाइल पुन्हा ठेवून सुधारता येते. मधला थर बिघडला तरी बूटलोडर शाबूत असल्यास काही यंत्रांत कार्डावरून प्रणाली पुन्हा भरता येते. बूटलोडरच नष्ट झाला, तर यंत्र उघडून विशेष उपकरणाने स्मृती लिहिण्यावाचून सहसा गत्यंतर नसते. म्हणून जितक्या वरच्या थरात काम भागेल तितके उत्तम.

कार्डावरून होणारा बदल

पुष्कळ यंत्रे सुरू होताना ठरावीक नावाची नकाशा-आज्ञावली शोधतात. त्या नावाने दुसरी छोटी आज्ञावली ठेवली, की मूळ पडदा खुला होतो. ‘मिओपॉकेट’सारखे संच फर्मवेअरला हात न लावता काम करीत. बदल केवळ कार्डावर असेल, तर कार्ड काढून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ते सहसा पूर्ववत होते. प्रथम यंत्रातील आणि मूळ कार्डातील सर्व फाइलींची प्रत संगणकावर घ्यावी. प्रयोग वेगळ्या कार्डावर करावा. २ जीबीहून मोठी एसडीएचसी कार्डे २००६ साली आली. त्यापूर्वीच्या यंत्रांना ती वाचता न येण्याचा संभव अधिक. जीपीएस ग्राहक कोणत्या कॉम पोर्टवर व किती बॉड वेगाने जोडलेला आहे, हेही आधीच टिपून ठेवावे. नव्या आज्ञावलीस हे दोन आकडे चुकीचे दिले, तर उपग्रह दिसत असूनही नकाशा जागचा हलत नाही.

फर्मवेअर लिहावेच लागले तर

फ्लॅश स्मृतीत नवे लिहिण्यापूर्वी जुना भाग पुसावा लागतो. पुसणे आणि लिहिणे यांच्या दरम्यान वीज गेली, तर यंत्र अर्धवट अवस्थेत अडकते. म्हणून हे काम मोटारीत करू नये. इंजिन सुरू करताना विद्युत्दाब एकदम घसरतो. बॅटरी पूर्ण भरून, घरच्या स्थिर विजेवर ते करावे. केवळ मॉडेलचे नाव जुळणे पुरेसे नाही, कारण एकाच नावाखाली निराळे सर्किट असू शकते. हार्डवेअरची आवृत्तीही जुळवावी. उतरवून घेतलेल्या फाइलीची एमडी५ बेरीज उपलब्ध असल्यास पडताळावी. मूळ फर्मवेअरची प्रत आणि ती परत भरण्याची पद्धत हाती नसेल, तर पुढे जाऊ नये.

काही दोष मात्र कार्डावरून जात नाहीत. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांचा असल्याने दर १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री असे घडले आणि काही जुन्या ग्राहकांच्या तारखा सुमारे साडेएकोणीस वर्षे मागे गेल्या. हा दोष ग्राहकाच्या फर्मवेअरमध्ये असेल, तर नकाशा-आज्ञावली बदलून तो मिटत नाही. त्यासाठी उत्पादकाने दिलेली सुधारणा असेल तर तीच वापरावी.

कायदा आणि रस्ता

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास, ती नष्ट होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून, राखीव प्रत घेता येते. सशुल्क नकाशे परवान्याविना भरणे मात्र या सवलतीत बसत नाही. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणे २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-क नुसार शिक्षेस पात्र आहे. हमीची मुदत शिल्लक असल्यास तिच्या अटीही वाचाव्यात.

वाहन चालू असताना चित्रफीत बंद ठेवणारे कुलूप मात्र उघडू नये. ते यंत्राच्या नव्हे, माणसांच्या रक्षणासाठी आहे, आणि तेथे झालेली चूक राखीव प्रतीवरून परत आणता येत नाही.